मूळ फाईल कुणाकडं आहे?

वेळापुरात कुणाच्या घरात शिरायला परवानगी लागत नाही. आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी मुक्कामाला येते तेव्हा तर कुणाच्या ओसरीवर कोण निजलंय आणि कुणाच्या मोरीत कोण अंघोळ करतंय, याचा पत्ता घरमालकालाही नसतो. अशा गावात, माझ्या ग्रॅच्युइटीच्या पैशातून रोख घेतलेल्या माझ्या कॉम्प्युटरनं, माझ्याच टेबलावर बसून, मला तोंडावर सांगितलं, "ॲक्सेस इज डिनाइड."

असं मागितलं तरी काय होतं मी? सी ड्राइव्हमध्ये 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' नावाचं एक फोल्डर अंधुकसं दिसत होतं. नाव ओळखीचं. विंडोज एक्सपीच्या काळात माझा सगळा कागदपत्रांचा संसार त्यातच असायचा. जुन्या वाड्यात डोकवावं म्हणून डबल क्लिक केलं, तर दारातच मज्जाव.

इथं माझी योग्यता सांगणं भाग आहे. मी एमएस-सीआयटी उत्तीर्ण आहे. शासनानं वेतनवाढ रोखण्याचा धाक घातल्यावर महाराष्ट्रातल्या शिक्षकांना संगणकाची जी आंतरिक ओढ लागली, त्या लाटेतला मी. ते प्रमाणपत्र फ्रेम करून अर्धनारीनटेश्वराच्या फोटोखाली लावलंय. येणारा देवाला हात जोडतो तेव्हा थोडा नमस्कार प्रमाणपत्रालाही पोचतो.

शिवाय गावात माझी ख्याती 'बाण काढणारे सर' अशी आहे. ती अशी झाली. काही वर्षांपूर्वी आमच्या अकलूज-माळशिरस-नातेपुते पट्ट्यात पेनड्राइव्हला शॉर्टकटची साथ आली होती. पेनड्राइव्ह लावला की फोल्डरं सगळी जागच्या जागी, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक वाकडा बाण. व्हायरसनं खरी फोल्डरं लपवलेली आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट मांडलेले. त्यावर क्लिक केलं की आधी व्हायरस उठायचा, आपलं काम उरकायचा आणि मग आपल्याला आपलं फोल्डर उघडून द्यायचा. इतका सभ्य चोर या भागात पूर्वी झाला नाही. लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन एक पेनड्राइव्ह सकाळी निघाला की संध्याकाळपर्यंत चार गावं अंथरुणाला. मी 'ॲट्रिब' ही कमांड पाठ केली होती. उणे एच, उणे आर, उणे एस असं पुटपुटत मी एंटर मारला की लपलेली फोल्डरं परत यायची. लोक चहा पाजायचे. मी तो नाकारत नसे.

तेव्हापासून लपवलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय माझ्याकडं कायम चालू असतो. म्हणूनच ते अंधुक फोल्डर मला दिसलं.

ही बातमी मी विश्वासानं फक्त फ्लेक्सवाल्या आप्पांना सांगितली, म्हणजे गावाला सांगितली.

"काय ओ सर," आप्पा म्हणाले, "तुम्ही बाण काढणारी माणसं, आन् तुम्हालाच दार उघडंना?"

मी तिथल्या तिथं पुण्याला भाच्याला फोन लावला. तो हिंजवडीत कामाला आहे. काय काम करतो ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही, म्हणजे मोठंच असणार.

"मामा, ते फोल्डर नाहीच आहे."

"मग मला दिसतंय काय?"

"जंक्शन आहे."

"जंक्शन कुर्डुवाडीला आहे," मी म्हणालो. सोलापूर जिल्ह्यात दुसरं काही म्हणण्याची सोय नाही.

भाचा शांत मुलगा आहे. तो म्हणाला, "समजा, आप्पांनी दुकान चौकातून उचलून एसटी स्टँडमागं नेलं. पण जुन्या गिऱ्हाइकांच्या डोक्यात पत्ता चौकातलाच. मग आप्पा काय करतील?"

"जुन्या जागेवर पाटी लावतील."

"2007 साली विंडोज व्हिस्टा आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टनं तेच केलं. सगळ्यांचं बिऱ्हाड 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'मधून 'युजर्स'मध्ये हलवलं. पण जुने प्रोग्राम जुन्याच पत्त्यावर येणार. म्हणून तिथं पाटी सोडली. तुम्ही उघडताय ती पाटी आहे."

"म्हणजे शॉर्टकटच की."

इथं भाच्यानं मोठा श्वास घेतल्याचं मला ऐकू आलं. शॉर्टकट, तो म्हणाला, विंडोज 95 पासून आहे आणि ती स्वतःच एक छोटी फाईल असते. पाटी वाचून पुढं जाण्याइतकी अक्कल असणाऱ्यालाच तिचा उपयोग. बहुतेक प्रोग्राम ती वाचत नाहीत, पाटीलाच दुकान समजून मोजमाप घेतात. जंक्शन आलं विंडोज 2000 बरोबर. त्याची कडी वाजवली की माणूस थेट नव्या दुकानात उभा असतो आणि आपण हललो हे त्याला कळतही नाही. पण जंक्शन फक्त फोल्डरचं होतं आणि त्याच कॉम्प्युटरपुरतं चालतं. सिम्बॉलिक लिंक विंडोजमध्ये आली व्हिस्टात. ती एकट्या फाईलचीही होते आणि नेटवर्कवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरकडंही बोट दाखवते. युनिक्सवाल्यांकडं मात्र ती 1983 सालच्या बर्कलेच्या आवृत्तीपासून आहे.

"आणि मला का अडवलं?"

"कारण ती पाटी प्रोग्रामसाठी आहे, माणसांसाठी नाही. पूर्ण पत्ता तोंडपाठ असेल त्याला ती मुकाट पलीकडं सोडते. पण 'आत काय काय आहे ते दाखव' म्हणणाऱ्याला परवानगी नाही."

म्हणजे काम असणाऱ्याला वाट मोकळी आणि नुसतं बघायला आलेल्याला मनाई! ही व्यवस्था करणारा इंजिनिअर वेळापुरात एक दिवसही राहिलेला नसणार. इथं नुसतं बघायला जाणं हेच मुख्य काम आहे.

मी वही काढली आणि टिपणं सुरू केली. विंडोजमध्ये 'एमकेलिंक' ही कमांड. तिला आधी पाटी कुठं लावायची ते सांगायचं, मग दुकान कुठं आहे ते. लिनक्समध्ये 'एलएन'. तिला आधी दुकान सांगायचं, मग पाटी. दोन्हीकडं उलट का, असं विचारल्यावर भाचा म्हणाला, "मामा, मीटिंग आहे." हिंजवडीत अवघड प्रश्न आला की मीटिंग सुरू होते.

हार्ड लिंक त्यानं दुसऱ्या दिवशी समजावली. हा प्रकार मला फार आवडला. यात मूळ आणि पाटी असा भेदच नाही. एकाच फाईलला दोन नावं, दोन्ही सारखीच खरी. एक नाव पुसलं तरी फाईल जिवंत. शेवटचं नाव पुसेपर्यंत तिला मरण नाही. फक्त सगळी नावं एकाच ड्राइव्हवर हवीत. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत एका फाईलला पहिल्या नावाखेरीज आणखी जास्तीत जास्त 1023 नावं लावता येतात. आमच्या भावकीच्या सातबाऱ्यावरही एवढी नावं नाहीत, अजून तरी.

एवढं ज्ञान झाल्यावर माणूस गप्प बसत नाही. मी शेजारी भाऊसाहेबांकडं गेलो. भाऊसाहेब निवृत्त तलाठी. जन्मभर लोकांच्या नावावर जमिनी चढवल्या आणि उतरवल्या. त्यांच्या कॉम्प्युटरवर मी त्यांना ते फोल्डर दाखवलं, 'प्रवेश नाही' दाखवलं आणि त्यामागचं शास्त्र सांगितलं. शास्त्र त्यांनी ऐकलंच नाही. त्यांच्या कानात 'प्रवेश नाही' एवढंच घुमत राहिलं.

"मालक कोण?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच."

"मग कब्जा कुणाचा?"

मी घरी आलो. भाऊसाहेबांनी रात्री यूट्यूबवर 'टेक ओनरशिप'चा व्हिडिओ लावला आणि सगळ्या बंद फोल्डरांचा फेरफार स्वतःच्या नावावर करून घेतला. 'फुल कंट्रोल'वर बरोबरची खूण. आडवा येणारा 'डिनाय' रद्द. हरकत घ्यायला समोर कुणी नव्हतंच. मग विजयाच्या भरात त्यांनी सगळ्याचा बॅकअप लावला आणि झोपले.

विंडोजनं लावलेल्या या पाट्यांपैकी एक आहे 'ॲप्लिकेशन डेटा' नावाची. ती ज्या फोल्डरात ठेवलेली असते, त्याच फोल्डरकडं बोट दाखवते. दुकानाच्या आत पाटी, 'दुकान येथेच आहे'. कुलूप होतं तोवर कुणी आत शिरत नव्हतं. ते निघाल्यावर भाऊसाहेबांचा बॅकअप प्रोग्राम बिचारा 'ॲप्लिकेशन डेटा'त शिरला. तिथं त्याला 'ॲप्लिकेशन डेटा' दिसलं. त्यात शिरला. तिथंही तेच. प्रत्येक मजल्यावर तेच सामान पुन्हा उतरवून घेत तो खोल खोल गेला. पत्ता 260 अक्षरांच्या वर गेला की विंडोजचे जुने प्रोग्राम हात टेकतात, नाहीतर तो अजून तिथंच असता.

सकाळी भाऊसाहेबांचा फोन. मला वाटलं, रागावलेत. आवाजात मात्र अभिमान मावत नव्हता.

"सर, एवढी मोठी डिस्क गच्च भरली की ओ! आपल्याकडं एवढी मालमत्ता हाय, हे आपल्याला म्हाईतच नव्हतं."

त्यांना खरं सांगायचा मला धीर झाला नाही. सेवानिवृत्त माणसाची मालमत्ता एका रात्रीत वाढली असेल तर आपण कशाला मोजणी लावा? भाचा म्हणाला, लिनक्स यात शहाणं. एका पत्त्याच्या मागं 40 पाट्या झाल्या की ते 'पाट्या फार झाल्या' म्हणून थांबतं. विंडोजची मर्यादा 63. मी म्हणालो, आपल्याकडं कचेरीत 40 पाट्या ओलांडल्यावर कुठं अर्जाला आवक क्रमांक पडतो.

आता आप्पांच्या दुकानात येतो, कारण खरी गंमत तिथं घडली.

आप्पांच्या दुकानात एक म्हातारा कॉम्प्युटर आहे. त्यावर अजून एक्सपी चालतं, कारण त्यांच्या जुन्या मराठी फॉन्टचं कुलूप दुसऱ्या मशीनवर चालत नाही. सी ड्राइव्ह 40 जीबीचा आणि कायम काठोकाठ. मागच्या दिवाळीत भाचा आला होता. त्यानं सगळे फोटो प्रशस्त डी ड्राइव्हवर हलवले. एक्सपीत 'एमकेलिंक' नसतं, म्हणून 'जंक्शन' नावाचं एक छोटं हत्यार वापरून जुन्या जागी जंक्शन करून दिलं. आप्पा खूश. त्यांनी ती कमांड शिकून घेतली आणि भाचा पुण्याला पोचायच्या आत तिचा राजकीय उपयोग शोधून काढला.

फ्लेक्सच्या धंद्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटतं, आप्पांच्या कॉम्प्युटरवर आपलं स्वतंत्र फोल्डर पाहिजे. भावी सरपंच, माजी सरपंच, युवा नेतृत्व, कार्यसम्राट, सगळ्यांनाच. आप्पांनी प्रत्येकाच्या नावानं डेस्कटॉपवर एकेक फोल्डर मांडलं. कुणी दुकानात आला की त्याला त्याचं नाव दाखवायचे आणि म्हणायचे, "हे बघा, तुमचं सेपरेट." वास्तविक ती सगळी जंक्शनं होती आणि सगळी डी ड्राइव्हवरच्या एकाच 'फोटो' फोल्डरात उघडत होती. वेळापुरातले सगळे गट त्या एका फोल्डरात गुण्यागोविंदानं नांदत होते, कारण त्यांना ते ठाऊक नव्हतं.

एक्सपीत जंक्शनवर बाणसुद्धा दिसत नाही. खऱ्या फोल्डरासारखं पिवळंधम्मक दिसतं.

पालखीचे दिवस आले. माउली नातेपुत्यात, उद्या माळशिरसला, परवा आपल्यात. आप्पांच्या दुकानात स्वागताच्या फ्लेक्सची झुंबड. एका फ्लेक्सवर वर माउली, मध्ये नेता, खाली 'स्वागतोत्सुक' म्हणून डाक तिकिटाएवढी तीसेक डोकी. तशात सी ड्राइव्ह पुन्हा भरला. दुकानातलं पोरगं चुणचुणीत. त्यानं एकेका फोल्डरचं आकारमान बघितलं. प्रत्येक फोल्डर 25 जीबी. बेरीज केली तर 40 जीबीच्या डिस्कवर दोनशेच्या वर सामान! आत बघितलं तर सगळीकडं तेच फोटो.

"आप्पा, समदं डुप्लिकेट हाय. एखादं उडवू का?"

आप्पा गिऱ्हाइकाशी भावाची घासाघीस करत होते. "उडव," म्हणाले. "ज्याची उधारी थकलीय त्याचं उडव."

हा निकष कुणालाही न्याय्य वाटेल असा होता. नुसतं डिलीट केलं की सामान कचऱ्याच्या डब्यात जातं आणि जागा मोकळी होत नाही, हे पोराला माहीत होतं. त्यानं शिफ्ट दाबून डिलीट केलं.

जंक्शन पुसायची रीत वेगळी आहे. 'आरएमडीआयआर' कमांड दिली तर फक्त पाटी निघते. व्हिस्टापासून एक्सप्लोररही शहाणा झाला, तो पाटीच काढतो. पण एक्सपीचा एक्सप्लोरर जंक्शन पुसताना पाटीवरचा पत्ता वाचत जातो आणि पलीकडचं दुकान आधी धुऊन काढतो. उधारी थकलेल्या एका माणसापायी भावी, माजी, युवा, कार्यसम्राट सगळे एका दमात गेले. गावात सर्वपक्षीय एकमत इतक्या झटपट पूर्वी झालं नव्हतं. बाकीची फोल्डरं डेस्कटॉपवर तशीच पिवळीधम्मक उभी. कुठलंही उघडा, आत शुकशुकाट.

गेलेल्या फायली परत आणणारे प्रोग्राम असतात, फक्त त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाता कामा नये. मी धावत पोचलो तेव्हा पोरगं म्हणालं, "सर, लई जागा झाली बघा डी ड्राइव्हला." आणि त्या जागेत त्यानं तीन सिनेमे उतरवलेसुद्धा होते.

मग फोनाफोनी सुरू झाली. सगळ्यात निकड भावी सरपंचांची, कारण त्यांचा फ्लेक्स 20 बाय 10 चा होता.

"फोटो?" भावी सरपंच म्हणाले, "माझ्याकडं आहे की. पाठवतो." त्यांनी पाठवली ती ऑनलाइन ड्राइव्हची लिंक. उघडली तर 'फाईल अस्तित्वात नाही'.

लिंक करून देणारा त्यांचा पुतण्या म्हणाला, "माझ्याकडं आहे ना. फक्त जागा पुरेना म्हणून ड्राइव्हवरून काढला. फोटोग्राफरकडं असतोय म्हणल्यावर आपण कशाला ठेवायचा?"

अकलूजचा फोटोग्राफर म्हणाला, "आहे, आहे, माझ्याकडंच आहे. म्हणजे पेनड्राइव्हमध्ये घालून आप्पांना दिलाय. आप्पांकडं असतोय म्हणल्यावर मी हार्ड डिस्क मोकळी केली."

आणि आप्पा मला म्हणाले, "त्या पोराला कशाला बोलायचं, सर? मी म्हणलं, फोटो काय, ज्याचा त्याच्याकडं असतोच."

कुणीही खोटं बोलत नव्हतं. 'माझ्याकडं आहे' म्हणताना प्रत्येकाचा आवाज ठाम होता. दुसऱ्याकडं आहे याची पक्की खात्री असली की माणूस असाच ठामपणे 'माझ्याकडं आहे' म्हणतो. मी वहीत बोट घालून मोजलं. 40 पाट्या लागल्याच नाहीत. चौथ्या पाटीला आम्ही परत आप्पांच्या दारात.

अखेर धावून आले ते भाऊसाहेब. त्यांच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप आहे आणि आलेला कुठलाही फोटो ते पुसत नाहीत. भावी सरपंचांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा त्यांना कधीतरी आलेल्या होत्या. तो फोटो व्हॉट्सॲपनं आपल्या खोलातल्या फोल्डरात ठेवलेला आणि तिथून तो त्या ऐतिहासिक बॅकअपमध्ये मजल्यामजल्यावर उतरलेला. भाऊसाहेब डिस्क घेऊन दुकानात आले, ताठ मानेनं.

"किती पाहिजेत?" त्यांनी विचारलं. "वरचा देऊ, मधला देऊ का आतला?"

सगळे एकच होते. व्हॉट्सॲपनं चेंगरून बारीक केलेला, मजकुरासकट, कोपऱ्यात मेणबत्त्यांचा केक असलेला तोच फोटो.

आप्पांनी क्षणभर विचार केला. "सगळ्यात आतला द्या," म्हणाले. "जितका आतला, तितका मूळ."

20 बाय 10 वर तो फोटो ताणल्यावर भावी सरपंचांच्या चेहऱ्याचे बोटबोटभर चौकोन झाले. नाक एका चौकोनात संपत होतं आणि मिशी दुसऱ्यात सुरू होत होती. केक कापता कापता अर्धा राहिला, तो माउलींच्या पायाशी नैवेद्यासारखा दिसत होता. फ्लेक्स चौकात चढला. आम्ही सगळे खाली जीव मुठीत धरून उभे. भावी सरपंच गाडीतून उतरले, गॉगल काढला आणि मान वर करून बराच वेळ बघत राहिले.

"आप्पा," ते म्हणाले, "माणूस ओळखू येतोय का?"

"खाली नाव मोठ्या अक्षरात घातलंय की ओ."

भावी सरपंचांनी मान डोलावली. पुन्हा एकदा वर बघितलं. मग हसले. "पण तरुण दिसतोय. सुरकुत्या गेल्या सगळ्या. पुढच्या वर्षी हाच घ्या. आन् मूळ फाईल तेवढी जपून ठेवा."

"आहे की," आप्पा म्हणाले. त्यांनी भाऊसाहेबांकडं बघितलं. भाऊसाहेबांनी माझ्याकडं बघितलं.

"माझ्याकडंच आहे," आम्ही तिघंही एकदम म्हणालो.